दात दाखवायला जाल, तेव्हा सगळे तोंड दाखवा



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, माती परीक्षण, पाण्याच्या पाळ्या असे पाठ वाचतो. या खेपेचा पाठ उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्याच्या तोंडाचा आहे. "कारखान्याच्या अंकात हे दातांचं काय काढलंत?" असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने एवढेच करावे : आपल्या गावातली, आपल्या गटातली, फार तर पाव्हण्यारावळ्यांतली माणसे डोळ्यांपुढे आणावीत आणि गेल्या दहा वर्षांत तोंडाच्या कॅन्सरने किती गेली ते बोटांवर मोजावे. बोटे कमी पडतात असा आमचा अनुभव आहे.

प्रथम दोन हकिकती सांगतो. दोन्ही आपल्यातल्याच आहेत. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पहिली हकिकत

आपले एक सभासद. वय अठ्ठावन्न. चार एकर ऊस, दोन म्हशी. तीस वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय. सकाळी मळ्यात जाताना एक चिमूट, जेवल्यावर एक, पाण्याची पाळी रात्रीची असली तर मग मोजदाद नाही. त्यांचा मुलगा वसईला नोकरीस आहे, तिथल्या होळी भागात बिऱ्हाड करून राहतो. नातवाच्या वाढदिवसाला हे वसईला गेले, तेव्हा दाढ ठणकत होती. मुलगा म्हणाला, "आप्पा, आलाच आहात तर इथंच दाखवून घेऊ. गावाकडं गेलात की तुम्ही काही जायचे नाही." म्हणून दोघे जवळच्या दंतवैद्याकडे गेले.

दंतवैद्याने दाढ पाहिली आणि मग विचारले, "काका, तंबाखू कोणत्या बाजूला धरता?"

आप्पा म्हणाले, "डाव्या. पण दाढ तर उजवीकडची दुखतेय."

"असू द्या. जरा आ करा. मोठा."

डॉक्टरांनी आरशाने डावा गाल बाजूला ओढला, दिवा जवळ घेतला आणि दुसरा आरसा आप्पांच्या हातात दिला. गालाच्या आतल्या बाजूस, खालच्या हिरडीजवळ, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. पापुद्रे धरलेल्या भिंतीसारखा खरबरीत. कापसाने पुसला तरी जाईना.

"दुखतं का हे?"

"अजिबात नाही."

"म्हणून तर आजवर दाखवलं नाहीत," डॉक्टर म्हणाले.

दाढेचे काम झाले आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी बापलेक वसई रोड स्टेशनवरून लोकलने मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालयात गेले. तिथे चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासला. कर्करोग झालेला नव्हता, पण पेशींची ठेवण बिघडू लागली होती. चट्टा काढून टाकला. तंबाखू त्या दिवसापासून बंद. आता दर काही महिन्यांनी ते तपासून येतात. मागच्या महिन्यात गट ऑफिसात भेटले तेव्हा म्हणाले, "दाढ दुखली नसती तर मी काय गेलो नसतो बघा. दाढेचे उपकार."

दुसरी हकिकत

दुसरी हकिकत एका मुकादमाची. दरवर्षी टोळी घेऊन येणारा, व्यवहाराला चोख माणूस. वय पंचेचाळीसच्या आत. गुटख्याची सवय. जिभेच्या कडेला जखम झाली. ऐन हंगाम होता, गाड्या चालू होत्या. कोणी मलम दिले, कोणी तोंड आल्याच्या गोळ्या दिल्या. चार महिने असेच गेले. आम्ही स्वतः त्याला म्हणालो होतो, "अरे, एकदा दाखवून तरी ये." त्याचे उत्तर ठरलेले, "पट्टा पडू द्या साहेब, मग बघू."

पट्टा पडला, तोवर मानेत गाठ आली होती. मोठी शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. पुढच्या दिवाळीला तो नव्हता. मागे बायको, तीन मुले आणि उचलीचा हिशेब राहिला.

त्याला तेव्हाच हाताला धरून दवाखान्यात नेले असते तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही. हा पाठ लिहिण्याचे खरे कारण तेच.

रोग किती पसरला आहे

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रोगी झाले आणि सुमारे ८० हजार माणसे त्याने दगावली. पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत आपल्याकडे हा पहिल्या क्रमांकावर आहे. बहुतेक देशांत असे नाही. आपल्याकडे हा पुढे का, याचे उत्तर आपल्या खिशातल्या डबीत आणि पुडीत आहे.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शंभरात साडेसव्वीस माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यांतले बिडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारही नव्हते. चोवीसांहून अधिक लोक तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे होते. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू धुरातून कमी आणि गालातून जास्त जातो.

मोठ्या माणसांनाही हा रोग सोडत नाही. सहकाराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी पुढे या सवयीबद्दल जाहीर कार्यक्रमांतून खंत बोलून दाखवली. आपले आर. आर. आबा पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने गेले. वय अवघे सत्तावन्न. उत्तम डॉक्टर आणि मुंबईची रुग्णालये हाताशी असूनही आबा वाचले नाहीत. मग मळ्यातल्या माणसाने किती वेळेवर जागे व्हायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

रोग होतो कसा

तंबाखूची गोळी आपण जिथे धरतो ती जागा म्हणजे खालची हिरडी आणि गाल यांमधली घळ. तिथली त्वचा नाजूक आणि सदा ओली. तंबाखूतली विषारी द्रव्ये तिथे रोज तासन्‌तास मुरतात. चुन्याने त्वचा भाजते आणि विष आत जायला वाट मिळते. आपल्या भागात पुष्कळांचा कर्करोग गाल आणि हिरडीच्या या घळीतच सुरू होतो, त्याचे कारण हे.

सुपारीचेही तसेच. "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी," असे सांगणारे बरेच भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. तंबाखू घातलेला विडा आणि बिनतंबाखूचा विडा, दोन्ही त्या यादीत आहेत. वसईच्या वाड्यांतून केळी, फुले, भाजी यांच्या जोडीने विड्याची पानेही पूर्वापार पिकत आली. त्या पानाचा यात दोष नाही. दोष आपण पानात जे भरतो त्याचा आहे.

गुटख्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडी तरी मिळते कशी, हे आपण सर्वजण जाणतो. दारूची सवय जोडीला असेल तर धोका नुसता दोहोंच्या बेरजेएवढा राहत नाही, कितीतरी पटीने वाढतो. बिडी ओढणाराही यातून सुटलेला नाही.

भगिनींसाठी एक वेगळा शब्द. मिश्री म्हणजे तंबाखूच. तव्यावर भाजली, कुटून वस्त्रगाळ केली, तरी विष जात नाही. "मी कुठं तंबाखू खाते? दात घासते," असे म्हणून आपल्या आया-बहिणी दिवसातून चार-पाच वेळा ती हिरडीला लावून बसतात. ऊसतोडीच्या फडात तर भूक मारायला आणि डोळ्यांवरची झोप उडवायला मिश्रीच हाताशी असते. डॉक्टरांनी सवय विचारली की मिश्रीचे नाव जरूर सांगावे. न सांगितल्यास डॉक्टर तुम्हाला बिनतंबाखूचे समजून सोडून देतील.

एका दिवसात होत नाही, हीच आपली संधी

आता या पाठाचा गाभा. तोंडाचा कर्करोग सहसा एका रात्रीत उगवत नाही. त्याच्या आधी बहुधा काही खुणा दिसतात आणि त्या कित्येक वर्षे तोंडात बसून असतात.

हे ज्ञान आपल्याला मिळाले त्यात महाराष्ट्रातल्या खेडुतांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तिथले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतील १ लाख १ हजार ७६१ लोकांची तोंडे तपासून पाहिली. ती पाहणी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डेन्मार्कचे दंतशास्त्रज्ञ डॉ. पिंडबोर्ग त्यात सहभागी होते. एका जिल्ह्यातल्या लाखभर शेतकरी-मजुरांनी आ केला आणि सवय कोणती, चट्टा कुठे, रोग कोणाला, याचा हिशेब जगापुढे आला. याच मंडळींनी केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या खेड्यांतून तंबाखू घेणाऱ्या छत्तीस हजार लोकांना सवय सोडण्याचा सल्ला देऊन त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९८६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी सवय सोडली किंवा कमी केली त्यांच्यात नवे पांढरे चट्टे कमी झाले. म्हणजे सवय सोडण्याचा फायदा कागदावर सिद्ध झालेला आहे.

या पूर्वखुणा कोणत्या, त्या नीट लक्षात ठेवाव्यात.

पांढरा चट्टा : पुसून जात नाही, बहुधा दुखत नाही. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही, बहुतेकांचा होतच नाही. पण कोणत्याचा होईल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून तपासावा लागतो.

लाल चट्टा : मखमलीसारखा लाल, किंवा लाल-पांढरा मिसळलेला. पांढऱ्यापेक्षा कमी आढळतो, पण जास्त धोक्याचा. यात एक दिवसही दवडू नये.

तोंड आखडणे : सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतली त्वचा कडक होते. आधी तिखट झोंबते, मग तोंड उघडेनासे होते. वडापाव दाबून खावा लागतो, शिट्टी वाजवता येत नाही. मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि वर सांगितलेले डॉ. पिंडबोर्ग यांनी १९६६ साली या रोगाचा सविस्तर अभ्यास मांडला. त्याला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गेलेली लवचिकता पूर्वीसारखी परत येत नाही, म्हणून सुरुवातीलाच पुडी सोडावी. आपल्या कॉलेजातल्या पोरांकडे याबाबत लक्ष द्यावे.

काणीचे उदाहरण घ्या. लागणीत एखाद्या बेटातून चाबकासारखा काळा शेंडा निघाला, तर जाणता शेतकरी काय करतो? त्यावर अलगद पिशवी घालतो, कापतो, बेट मुळासकट खणून जाळतो. "एकच तर आहे, तोडणीच्या वेळी बघू," असे म्हणत नाही. म्हटलेच, तर खोडव्याला सगळा प्लॉट काणीचा होतो. फडात जे शहाणपण आपण दाखवतो, तेच तोंडाच्या बाबतीत दाखवायचे आहे.

दंतवैद्य काय करतात

पुष्कळांना वाटते की तपासणी म्हणजे सुई, यंत्र, मोठा खर्च. तसे काही नाही. लागते ते उजेड, छोटा आरसा, कापडाची घडी आणि डॉक्टरांची बोटे. वेळ पाच मिनिटे. दुखत नाही, रक्त येत नाही. क्रम असा असतो.

१. सवयी विचारतात. काय खाता, किती वर्षे, दिवसातून किती वेळा, कोणत्या बाजूला धरता. इथे लाजू नये, खोटे सांगू नये. डॉक्टर पोलीस नव्हेत.

२. कवळी असेल तर काढायला सांगतात. कवळीखालचा चट्टा कवळी काढल्याशिवाय दिसत नाही.

३. चेहरा पाहतात, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते. जबड्याखाली व मानेत बोटांनी चाचपून गाठ लागते का पाहतात.

४. ओठ उलटून आतली बाजू पाहतात. मग दोन्ही गाल आणि गाल-हिरडीची घळ, पुढून मागे अक्कलदाढेपर्यंत.

५. जीभ कापडात धरून बाहेर ओढतात आणि दोन्ही कडा पाहतात. जिभेच्या कडा आपल्याला स्वतःला नीट दिसत नाहीत, म्हणून हे महत्त्वाचे.

६. जीभ टाळूला लावायला सांगून जिभेखालचा भाग पाहतात आणि बोटाने चाचपतात. शेवटी टाळू आणि घशाची सुरुवात.

७. तोंड किती उघडते ते मोजतात.

एखादा दात टोकदार असून तिथेच जखम असेल, तर डॉक्टर तो दात घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतात. तेव्हा जरूर जावे. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर तुकडा तपासायला हवा. इथेच आपली मंडळी चुकतात. दाताची कड गेली, जरा बरे वाटले, की परत फिरकत नाहीत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. सगळेच दंतवैद्य न सांगता सगळे तोंड पाहतील असे नाही. गर्दी असते, तुम्ही दाढ दाखवायला आलेले असता, दाढ पाहून तुम्हाला मोकळे करतात. म्हणून आपणच म्हणावे, "डॉक्टर, मी तंबाखू खातो. एकदा सगळं तोंड बघा." पंपाचा मेकॅनिक आला की आपण त्याला मोटार, स्टार्टर, केबल सगळे दाखवतो. तसेच हे.

घरच्या घरी महिन्यातून एकदा

सकाळी चूळ भरल्यावर, खिडकीच्या उजेडात, आरशासमोर उभे राहावे. दोन्ही गाल बोटाने ओढून पाहावेत. ओठ उलटावेत. जीभ बाहेर काढून डावीकडे-उजवीकडे न्यावी, मग वर उचलावी. आपली स्वतःची तीन बोटे उभी, एकावर एक, पुढच्या दातांच्या मध्ये जातात का पाहावे. पूर्वी जात होती आणि आता दोनच जातात, असे झाले तर तोंड आखडू लागले आहे.

पुढीलपैकी काहीही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर दंतवैद्य गाठावा : न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा जाडसर भाग, कारण नसता हललेला दात, बसणारी कवळी एकाएकी न बसणे, जीभ वा ओठ बधिर होणे, गिळताना अडखळणे, मानेतली गाठ. एका बाजूचा कान दुखतो आणि कानात काही सापडत नाही, तेव्हाही तोंड तपासून घ्यावे.

घरची पाहणी ही डॉक्टरांच्या तपासणीच्या बदली नव्हे. तंबाखू, सुपारी, मिश्री, बिडी किंवा दारू यांपैकी काही असेल, त्याने वर्षातून एकदा तरी दंतवैद्याला तोंड दाखवावे. सरकारच्या कार्यक्रमातही ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. ती उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आशाताई बोलवायला आल्या तर "मला काय झालंय?" म्हणून त्यांना परत पाठवू नये.

तपासून खरेच फरक पडतो का

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केरळात मिळाले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायती निवडून दोन गट केले. एका गटात प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ३५ वर्षांवरील लोकांची तोंडे तपासली, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासली आणि संशयिताला डॉक्टरकडे पाठवले. दुसऱ्या गटात नेहमीची व्यवस्था होती. दोन्ही मिळून जवळजवळ १ लाख ९२ हजार माणसे होती. २००५ साली निकाल जाहीर झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांत, तपासणी झालेल्या गटातले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. ज्यांना कसलीच सवय नव्हती त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. म्हणजे ही तपासणी कोणासाठी सर्वांत मोलाची, हेही त्यातून कळले. सवय असलेल्यांसाठी. यात महागडे यंत्र कुठलेच नव्हते. उजेड होता आणि शिकवलेली नजर होती.

चट्टा सापडला तर पुढे काय

घाबरू नये आणि लपवूही नये. तुकडा तपासणी जागा बधिर करून होते. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते.

आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, "तुकडा काढला की कॅन्सर भडकतो. लोखंड लावू देऊ नका." हा समज शंभर टक्के चुकीचा आहे. तो तयार होण्याचे कारण आम्हाला असे दिसते : आपली माणसे फार उशिरा जातात, तेव्हा तुकडा काढतात, रोग पसरलेला निघतो, माणूस काही महिन्यांत जातो. घरचे म्हणतात, तुकड्याने गेला. तो तुकड्याने जात नाही, आधीच्या वर्षभराच्या उशिराने जातो.

रोग लहान असताना सापडला तर बहुतेकदा एका शस्त्रक्रियेत काम भागते, आणि बहुसंख्य रोगी पाच वर्षांनंतरही आपल्या घरादारात असतात. मानेत पसरल्यावर जबडा काढणे, किरणोपचार, औषधे हे सारे करूनही निम्मे वाचणे कठीण. जखम तीच, माणूस तोच, फरक फक्त काही महिन्यांचा.

कुठे जावे? जवळच्या दंतवैद्यापासून सुरुवात करावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयातही दाखवता येते. शासकीय आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत तुकडा तपासणीची सोय असते. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून या रोगाचे काम करीत आहे. ग्रामीण भागात बार्शी येथे टाटा मेमोरियलच्या सहकार्याने १९८७ पासून कर्करोग नोंदणीचे काम चालते. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालयही आहे. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावे.

सवय सोडण्याविषयी

उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्यातल्याही काहींच्या खिशात डबी होती. अनुभवाचे तेवढे सांगतो. एकदम सोडल्यास पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, झोप मोडते, शौचाला त्रास होतो. मग हळूहळू ओसरते. दिवस ठरवून सोडावी, घरच्यांना आणि भिडूंना सांगून सोडावी. डबी खिशात "नुसती राहू दे" म्हणून ठेवू नये. तोंडात काही हवे तर बडीशेप, लवंग, भाजलेले जवस ठेवावे. सुपारी मात्र नको. १८००-११-२३५६ या विनाशुल्क सरकारी क्रमांकावर सवय सोडण्यासाठी सल्ला मिळतो. आणि सोडली म्हणजे धोका लगेच शून्य होत नाही, म्हणून सोडल्यानंतरही काही वर्षे तोंड दाखवत राहावे.

आपण मिळून काय करू शकतो

सहकार म्हणजे एकट्याला न जमणारे सर्वांनी मिळून करणे. बॉयलर अग्निप्रदीपन होते, टोळ्या येतात, गट ऑफिसात करारपत्रे होतात. त्याच आठवड्यात प्रत्येक गटात एक दिवस एखादा दंतवैद्य बसला, तर वाहनमालक, मुकादम, तोडणी मजूर, त्यांच्या बायका आणि आपण सभासद, सर्वांची तोंडे पाहून होतील. टेबल, खुर्ची, दिवा आणि पाणी एवढेच आपल्याला द्यायचे आहे. हा विषय येत्या गट सभांतून सभासदांनी मांडावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्याला जातो, त्यांना "पट्टा पडल्यावर बघू" म्हणायची पाळी येऊ नये.

अभ्यासासाठी प्रश्न

गावातील वाचन मंडळांनी पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

१. पांढरा चट्टा दुखत नाही, ही चांगली गोष्ट की वाईट? का?

२. मिश्री, नुसती सुपारी आणि तंबाखूचा विडा, यांपैकी कोणते निर्धोक?

३. तोंडातली जखम किती दिवस टिकली तर दंतवैद्याकडे जावे?

४. "तुकडा काढल्याने रोग भडकतो," असे म्हणणाऱ्या पाव्हण्याला आपण काय सांगाल?

५. आपल्या घरात तंबाखू, मिश्री किंवा सुपारी घेणारे कोण कोण आहे? त्यांपैकी कोणी आजवर एकदा तरी सगळे तोंड डॉक्टरांना दाखवले आहे?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे या पाठात आहेत. पाचव्याचे उत्तर ज्याने त्याने आज संध्याकाळी, घरची सगळी माणसे जेवायला बसतील तेव्हा, शोधावे.